लांबचा पल्ला आणि मावळलेला उत्साह: वजन कमी करताना मधल्या टप्प्यात पडणारे प्रश्न

माझं वजन एके काळी ११२ किलो होतं, आता ते ७६ च्या आसपास असतं. मधे साडेतीन वर्षं गेली. त्याआधी फसलेले दोन प्रयत्न वेगळेच. त्यामुळे ओळखीत कुणी वजन कमी करायला घेतलं की मला फोन येतो. सुरुवातीला मात्र येत नाही, तेव्हा सगळ्यांना सगळं माहीत असतं. तो येतो नव्याचे नऊ दिवस सरल्यावर. प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही आणि आहारतज्ज्ञही नाही. या वाटेने चालून आलेली आणि वाटेत बरंच वाचलेली एक बाई आहे, एवढंच.

मला ४० किलो कमी करायचे आहेत. आकडा बघूनच हातपाय गळतात. एवढं कधी होणार?

आधी खरा हिशोब बघा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोज ५०० कॅलरींची तूट पडली, म्हणजे शरीराच्या गरजेपेक्षा तेवढ्या कमी मिळाल्या, तर ४० किलोंना कागदावर सहाशे-सव्वासहाशे दिवस लागतात. प्रत्यक्षात जास्तच, कारण शरीर लहान होत जातं तशी त्याची गरजही घटते आणि तीच तूट आपोआप आकसते. अमेरिकेतल्या केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याचं गणिती प्रारूप मांडलं. आहारात कायमचा बदल केला, की त्यातून होणाऱ्या एकूण बदलापैकी निम्मा वर्षभरात दिसतो आणि जवळजवळ पूर्ण दिसायला तीन वर्षं लागतात, असं त्यातून निघतं. मला हे वाचून धीर आला होता. मी मंद आहे असं मला वाटत होतं, पण गती मुळात तेवढीच असते.

दुसरं, ४० हा आकडा डोळ्यांसमोरून काढून टाका. १९९७ मध्ये एका अभ्यासात ६० स्त्रियांना, किती वजन कमी झालं तर समाधान वाटेल, असं विचारलं होतं. त्यांचं सरासरी ध्येय निघालं शरीराच्या वजनाच्या ३२ टक्के. ४८ आठवड्यांनी त्या सरासरी १६ किलोंनी कमी झाल्या होत्या. सोळा किलो! तरीही जवळपास निम्म्या जणींना, सुरुवातीला त्यांनी स्वतःच ‘निराशाजनक’ म्हणून ठरवलेला आकडासुद्धा गाठता आला नव्हता. काम उत्तम झालं आणि हाती आली खंत.

आणि शरीर काही शेवटच्या आकड्याची वाट बघत बसत नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांवरचा एक मोठा अमेरिकी अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटापुढे ध्येय होतं वजन ७ टक्क्यांनी कमी करण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारख्या व्यायामाचं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. गुडघेदुखी असलेल्यांसाठी आणखी एक गंमत: वजन एक किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. मी पाच-पाच किलोंचे टप्पे केले होते. पुढच्या टप्प्याचा विचार हा टप्पा संपल्यावरच.

पहिल्या आठवड्यात अडीच किलो उतरले, दुसऱ्यात फक्त ३०० ग्रॅम. काय चुकलं?

काही नाही. पहिल्या आठवड्यात गेलं ते मुख्यतः पाणी. शरीर ग्लायकोजेन नावाची साखरेची शिदोरी साठवून ठेवतं आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं कमी केलं की शिदोरी संपते आणि पाणीही जातं. ते ३०० ग्रॅम खरे होते. अडीच किलोंवर पेढी उघडू नका.

तीन आठवडे झपाटल्यासारखं करते आणि मग सगळं गळून पडतं. माझी इच्छाशक्तीच कमी आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो खालच्या आवाजात विचारला जातो, जणू काही गुन्हा कबूल करायचा आहे.

आधी भुकेचं बघू. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ही मुलं काही लेचीपेची नव्हती, चांगली ध्येयवादी होती. तरी काही आठवड्यांतच त्यांच्या बोलण्यात खाण्याशिवाय विषय उरेना. काहीजण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. चिडचिड वाढली, मन कशात लागेना. आपली तूट त्यांच्याएवढी नसते, पण यंत्रणा तीच असते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दहा आठवड्यांच्या कडक आहारानंतर वजन उतरलेल्या लोकांची भुकेची संप्रेरकं वर्षभराने पुन्हा तपासली. भूक वाढवणारं घ्रेलिन तेव्हाही चढलेलंच होतं, पोट भरल्याची वर्दी देणारं लेप्टिन उतरलेलंच होतं. म्हणजे तुम्ही ज्याला मनाचा कमकुवतपणा म्हणता, त्यातला बराचसा भाग शरीराची राखण असतो. त्याला वाटतं, दुष्काळ पडलाय.

आता उत्साहाचं. उत्साह येतो आणि जातो, कुणाचाही. आपण आरंभशूर आहोत म्हणून स्वतःला बोल लावण्यापेक्षा तो जाणार हे धरूनच मांडणी करावी. दात घासताना कुणाला प्रेरणा लागत नाही. मला साडेतीन वर्षांत उत्साह असा वाटला असेल तो सगळा मिळून पाच-सहा महिने. बाकीचे दिवस ठरलेलं होतं म्हणून केलं, आणि ठरलेलं होतं ते फार थोडं होतं. गोम तिथेच आहे. झपाटलेल्या दिवशी माणूस जो बेत आखतो, तो झपाटलेल्या माणसासाठीच असतो. बेत आखायचा तो कामावरून दमून आलेल्या, डोकं दुखणाऱ्या, घरी कुणाशी तरी वाजलेल्या स्वतःसाठी. त्या दिवशी जमेल एवढंच कलम कायम ठेवायचं. माझी कलमं तीन होती: सकाळचं खाणं ठरलेलं, रात्री जेवणानंतर स्वयंपाकघर बंद, आणि रोज दहा मिनिटं तरी चालणं. बरा दिवस असेल तर चाळीस मिनिटं. वाईट दिवस असेल तर दहाच, पण दहा.

तहान लागल्यावर विहीर खणायला घेऊ नका. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी ‘असं झालं, तर मी तसं करीन’ अशा वाक्यांवर बरंच काम केलं आहे. नुसतं ‘मी कमी खाईन’ म्हणण्यापेक्षा ‘बैठकीत खाण्याचं ताट फिरलं, तर मी पाण्याचा पेला हातात घेईन’ हे जास्त लागू पडतं, कारण निर्णय आधीच झालेला असतो. ऐन वेळी वाद घालायचा नाही, मनाशी तर नाहीच. ते मोठं वकील असतं.

एखादी सवय अंगवळणी पडायला २१ दिवस लागतात ना?

तो आकडा विसरा. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांच्या गटाने ९६ जणांवर हे मोजलं, तेव्हा मधला आकडा ६६ दिवस निघाला, आणि पल्ला होता १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. त्यातली माझ्या आवडीची गोष्ट वेगळीच आहे: एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा अडथळा आला नाही.

एक दिवस घसरले की ‘आता गेलंच आहे’ म्हणत आख्खा आठवडा वाया घालवते. हे कसं थांबवू?

या ‘गेलंच आहे’वर जॅनेट पोलिवी आणि पीटर हर्मन या संशोधकांनी कित्येक वर्षं काम केलं. डाएटवर असलेल्यांना ‘आजचा नियम मोडला’ असं वाटलं, की ते डाएटवर नसलेल्यांपेक्षाही जास्त खातात. नियम जितका कडक, तितका तो मोडल्यावरचा पूर मोठा.

एका दिवसाचं गणित मांडून बघा. समजा, गरजेपेक्षा तब्बल २,००० कॅलरी जास्त गेल्या. त्यांची चरबी होते साधारण पाव किलो, म्हणजे रोजच्या ५०० च्या तुटीचे चार दिवस. नुकसान आहेच, नाही म्हणत नाही, पण ते चार दिवसांचं आहे. दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो जास्त दाखवतो, ते मीठ, पाणी आणि पोटात असलेलं अन्न. त्या दीड किलोला घाबरून लोक पुढचे सहा दिवस उधळतात. गाडीचं एक चाक पंक्चर झालं म्हणून कुणी उरलेली तीन फोडत नाही.

‘चीट डे’, म्हणजे नियम मोडायची मुभा असलेला दिवस, हा शब्द मला आवडत नाही. फसवणूक कुणाची? जे आवडतं ते आठवड्याच्या बेतातच बसवा, चोरून खाल्ल्याची चव त्याला येऊ देऊ नका.

काटा महिनाभर जागचा हललेला नाही. आता काय?

मला विचाराल तर सगळ्या प्रवासातला हा सर्वात वाईट भाग. उपाशी राहण्यापेक्षा वाईट, कारण कष्ट चालूच असतात आणि पावती मिळत नाही.

कारणं तीन-चार असतात. एक, वर म्हटलं तसं, आताच्या तुमच्या लहान शरीराला कमी ऊर्जा पुरते, त्यामुळे पूर्वीची तूट आता तूटच राहिलेली नाही. बहुतेक अभ्यासांत सहा महिन्यांच्या आसपास वेग मंदावतो किंवा थांबतो. दोन, हात सैल झालेला असतो. चमचा हळूहळू मोठा होतो, चाखणं मोजलं जात नाही. हे सगळ्यांचं होतं, म्हणून रागावू नका, एक आठवडा पुन्हा प्रामाणिकपणे मोजून बघा. तीन, चरबी उतरते आहे पण पाणी धरून ठेवलंय: नवा व्यायाम, मासिक पाळी, बद्धकोष्ठता, अपुरी झोप, काहीही. चार, औषधं किंवा आजार, त्याबद्दल पुढे.

मापून झालं, काही सापडलं नाही, आणि तुम्ही थकला असाल, तर मी एक सल्ला देते जो कुणाला आवडत नाही: थांबा. सोडू नका, थांबा. महिना-दोन महिने आहे ते वजन टिकवण्यापुरतं खा. हा वेळ वाया जात नाही. वजन टिकवणं हे पुढे जन्मभर करायचं काम आहे, त्याची ही तालीम. मी ९३ किलोंवर पाच महिने बसले होते. घरच्यांना वाटलं मी हरले. मला त्या पाच महिन्यांत पहिल्यांदा कळलं की ९३ वर राहायला मला किती खावं लागतं.

काट्याशिवाय दुसरी मापंही ठेवा. कमरेचा घेर, विश्रांतीची नाडी, एका दमात चढता येणारे मजले, रक्तदाब, पट्ट्याचं भोक. बुटाची नाडी श्वास न रोखता बांधता आली तो दिवस मला अजून आठवतो. तेव्हा काटा कुठे होता ते आठवत नाही.

वजन रोज करावं का?

माझं मत: आकड्याने दिवस नासत नसेल तर करा, आणि आठवड्याची सरासरी बघा. एकाच माणसाचं वजन दिवसागणिक एक-दोन किलो खाली-वर होतं, त्यामुळे एकटा आकडा खोटं बोलतो. स्त्रियांनी पाळीच्या या चक्रातल्या दिवसाची तुलना मागच्या चक्रातल्या त्याच दिवसाशी करावी. आकडा बघून रडू येत असेल किंवा जेवण टाळावंसं वाटत असेल, तर काटा माळ्यावर टाका.

खाल्लेलं लिहून ठेवायचा कंटाळा येतो.

सगळ्यांनाच येतो. पण ही दळभद्री गोष्ट कामाची आहे. २००८ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात रोज नोंद ठेवणाऱ्यांचं वजन न ठेवणाऱ्यांच्या दुप्पट उतरलं. कॅलरी मोजू नका हवं तर. नुसता फोटो काढा.

सगळ्यात चांगलं डाएट कुठलं?

जे तुम्ही दोन वर्षांनीही करत असाल ते. उडवाउडवी करत नाही. २०१८ मध्ये ६०९ लोकांवर वर्षभर कमी चरबीचा आणि कमी कर्बोदकांचा आहार तपासला, तर दोन्ही गटांत पाच-सहा किलोच उतरले, फरक नगण्य. एकाच गटातल्या माणसामाणसांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक होता: कुणी तीसेक किलोंनी कमी झालं, कुणी चक्क वाढलं.

एवढा व्यायाम करूनही वजन उतरत नाही, मग करायचा कशाला?

नुसत्या व्यायामाने वजन फारसं उतरत नाही, हे खरंच आहे. तासभर चालून जे जळतं ते पाच मिनिटांत खाऊन भरून निघतं. पण उतरलेलं टिकवायला व्यायामाशिवाय गत्यंतर नाही, आणि स्नायू राखायला वजनं उचलण्यासारखा ताकदीचा व्यायाम हवाच. शिवाय झोप सुधारते. झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी भूक खवळते, हा अनुभव रात्रपाळी करणारा कुणीही सांगेल. व्यायामाला वजनाच्या खात्यातून काढून मनाच्या खात्यात टाका, मग तो परवडतो.

घरचेच साथ देत नाहीत. कुणी आग्रह करतं, कुणी टोमणे मारतं.

आग्रह करणाऱ्यांचं एक बरं असतं, त्यांचा हेतू चांगला असतो. “घे गं, एकाने काय होतंय” याला वाद घालून उत्तर देऊ नका. “थोड्या वेळाने घेते” म्हणा. थोड्या वेळाने ते विसरतात. “मी डाएटवर आहे” हे वाक्य मात्र जपून वापरा, त्यावर प्रत्येकाकडे भाषण तयार असतं.

टोमण्यांचं वेगळं आहे. वजनावरून हिणवलं की माणूस सुधारतो, हा समज साफ चुकीचा आहे. अशा माणसांचं वजन पुढे वाढण्याचीच शक्यता जास्त असते, असं पाहणीत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. माझ्या एका जवळच्या नातेवाइकांना मी एकदा शांतपणे सांगितलं, “काका, तुम्ही असं बोललात की मी त्या रात्री जास्त खाते.” ते गप्प झाले. कायमचे नाही, पण सहा महिने तरी.

आणि सगळ्या घराला सुधारायला जाऊ नका. एकाच माणसाची मदत मागा आणि नेमकी मागा: “रात्री नऊनंतर माझ्यासमोर खायला आणू नकोस.” ‘मला साथ दे’ यातून कुणालाच काही कळत नाही.

इंजेक्शन घेऊन वजन कमी करणं म्हणजे पळवाट नाही का?

चष्मा लावणं ही पळवाट आहे का? सेमाग्लुटाइड या अशाच एका इंजेक्शनच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के उतरलं. हे औषध मुख्यतः भुकेवरच काम करतं, म्हणजे वर सांगितलेल्या शरीराच्या राखणीवरच. मात्र ते बंद केल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. मळमळीसारखे दुष्परिणाम आहेत, सगळ्यांना ते चालत नाही. डॉक्टरांशी बोलून ठरवा, शेजाऱ्यांशी नाही.

दोनदा कमी केलं, दोनदा परत वाढलं. ये रे माझ्या मागल्या. तिसऱ्यांदा कशाला मरायचं?

मी तिसऱ्या खेपेचीच आहे, त्यामुळे माझं उत्तर पक्षपाती समजा.

वाईट बातमी आधी. एका गाजलेल्या अमेरिकी टीव्ही स्पर्धेत झपाट्याने वजन उतरवलेल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं होतं, आणि त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. हा अभ्यास २०१६ चा.

आता दुसरी बाजू. किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्या लोकांची एक नोंदवही रेना विंग आणि जेम्स हिल यांनी अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू केली. पुढे तिच्यात दहा हजारांवर माणसं आली. त्यातल्या बहुतेकांचे आधीचे प्रयत्न फसलेले होते. हे लोक भरपूर हालचाल करतात, वजनावर नियमित लक्ष ठेवतात आणि दोन-तीन किलो वाढताच सावध होतात. आणि एक: दोन ते पाच वर्षं टिकवलं की पुढे ते टिकण्याची शक्यता बरीच वाढते.

तिसऱ्या वेळी मी एकच गोष्ट वेगळी केली. आधीच्या दोन वेळा कुठे आणि कधी सुटलं, ते लिहून काढलं. पहिल्यांदा आईच्या आजारपणात, दुसऱ्यांदा नोकरी बदलल्यावर. दोन्ही वेळा माझा बेत वेळखाऊ होता आणि वेळच नाहीसा झाला होता. ती तीन कलमं तिथूनच आली.

डॉक्टरांकडे कधी जावं?

मोठा पल्ला असेल तर सुरुवातीलाच. थायरॉइड आणि साखर बघून घ्या. काही नैराश्यविरोधी औषधं, स्टिरॉइड, इन्सुलिन यांनी वजन वाढतं, पण म्हणून ती आपणहून बंद करायची नसतात. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील, तर वजन उतरेल तसे डोस बदलावे लागतात. फार झपाट्याने उतरलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात. प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर आनंदू नका, तपासा. आणि लपून भरमसाट खाणं, नंतर उलटी काढणं, दिवसदिवस उपाशी राहणं असं होत असेल, तर वजनाचा विषय बाजूला ठेवून त्याच्यासाठी मदत घ्या.

काल रात्री फार खाल्लं गेलं. आज काय करू?

सकाळचं नेहमीचं खा. उपास करू नका, तासभर धावायला जाऊ नका. पाणी प्या, दहा मिनिटं चाला. काट्यावर परवापर्यंत चढू नका.

आणि काल नेमकं काय झालं होतं ते एका ओळीत लिहून ठेवा. खाल्लं काय ते राहू दे, त्याच्या आधीच्या तासाभरात काय घडलं ते लिहा.